मापाड्याच्या लेकीचा बर्फ

आमच्या इस्पितळाच्या दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीवर अकरा फोटो आहेत. अकराही डॉक्टर. त्यातल्या दोघांनी जन्मात एक किडनी वाचवली नसेल, पण टाय छान बांधायचे. आमच्या थिएटरातल्या नर्सचा, सनिय्याचा, फोटो तिथे नाही आणि कुणी लावेल अशी आशाही नाही. म्हणून मी हे लिहायला बसले. माझं नाव अफकार. ह्याच इस्पितळाच्या थिएटरात एकतीस वर्षं नर्स होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता पेन्शन घरी येते आणि मला कुणाची भीती नाही.

आमच्याकडे फक्त किडनीचे रोगी येतात. नाईलच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून, मोटारीतून, टमटममधून, नावेतून. किडनीत एकच गाठ असली तर फार डोकं चालवावं लागत नाही. पण काही घराण्यांत हा रोग रक्तातून उतरतो, आणि एकाच किडनीत चार, पाच, सहा गाठी निघतात. अशी किडनी बऱ्याच ठिकाणी सरळ काढून टाकतात. आमचे डॉक्टर वगीह ह्या बाबतीत हट्टी. ते म्हणायचे, "किडके दाणे निवडायचे, पोतं फेकायचं नाही." हे वाक्य त्यांचं नव्हे, सनिय्याचं. त्यांनी ते उचललं आणि कैरोच्या परिषदेत मिरवलं. मी तेव्हाच तोंडावर म्हटलं होतं, "साहेब, वाक्याला भाडं द्या." ते हसले. भाडं काही दिलं नाही.

निवडायचं म्हणजे काय, तर एकेक गाठ कोरून काढायची आणि खड्डा शिवायचा. ते करताना रक्ताची चिळकांडी उडू नये म्हणून किडनीच्या धमनीला चिमटा लावतात. चिमटा लागला की किडनी उपाशी. गरम किडनी वीस-पंचवीस मिनिटं तग धरते, पुढे मरायला लागते. एका गाठीला तेवढा वेळ पुरतो. सहा गाठींना कुठून पुरणार? पण तीच किडनी बर्फात गाडून ठेवली तर तास-तासभर जगते. तो तास देवाच्या कृपेने आणि सनिय्याच्या हाताने मिळायचा.

बर्फ म्हणजे रसवंतीतला बर्फ नव्हे, जरी तिच्या नवऱ्याची, जकीची, बसथांब्यासमोर उसाची रसवंती होती आणि अख्खं इस्पितळ त्यावरून तिची चेष्टा करायचं. नवरा-बायको दोघं बर्फावर जगतात, म्हणायचे. हा बर्फ सलाईनचा. निर्जंतुक पिशव्या आदल्या दिवशी गोठवायच्या, थिएटरात उकडून आणलेल्या जाड कापडात गुंडाळायच्या आणि लाकडी हातोडीने कुटायच्या. कुटणं कुणीही करेल. पण किडनीचं कातडं कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ. बर्फाचा एक टोकदार कोपरा राहिला तर ते फाटतं. म्हणून सनिय्या कुटून झाल्यावर चिमूटचिमूट बर्फ दोन बोटांत चोळून बघायची. ओल्या मिठासारखा लागला पाहिजे, असं तिचं म्हणणं. एखादा कोपरा बोटाला टोचला तर सगळा घाणा परत कापडात. नव्या नर्सा कंटाळून म्हणायच्या, "उम्म हाशिम, वितळणारच आहे ना तो?" हाशिम तिचा थोरला मुलगा, म्हणून तिला सगळे हाशिमची आई म्हणत. ती म्हणायची, "तू पण मरणारच आहेस ना, मग तोंड का धुतेस?"

बावीस वर्षं तिने बर्फ कुटला. एकाही किडनीवर ओरखडा नाही. हिवाळ्यात तिच्या बोटांची पेरं सुजून भेंडीएवढी व्हायची, बांगडी चढायची नाही. कामाचा तिला गर्व होता, आणि तो तिने कधी लपवला नाही. मला अशी माणसं आवडतात. नम्र माणसं निम्म्याहून जास्त खोटी असतात.

पण बर्फाचं काम तिला मिळालं ते शिक्षा म्हणून. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि त्यात माझाही हात आहे.

सनिय्याचा बाप अब्दुल मौगूद मापाडी होता. सुगीला गावोगावच्या खळ्यांवर जायचा, गव्हाची, मक्याची रास लाकडी मापाने मोजून द्यायचा. मालक, वाटेकरी, व्यापारी तिघांचा विश्वास एका माणसाच्या हातावर. त्याचं मोजणं मोठ्या आवाजात, गाण्याच्या चालीवर. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'अल्ला एक' म्हणायचं. दुसऱ्याला 'त्याला जोडी नाही'. मग तीन, चार, पाच, सहा. सातला सात म्हणत नाहीत, 'समहा' म्हणतात, म्हणजे देणारी, उदार. आणि राशीच्या तळाचं शेवटचं माप मोजायचंच नाही. ते मुकाट्याने बाजूला ओतायचं. ते पाखरांचं, भिकाऱ्यांचं, खळ्यावर ताटकळणाऱ्या पोरांचं. शेवटचं माप जो मोजतो त्याची बरकत जाते, असं आमच्या गावांत अजूनही मानतात. सनिय्या लहानपणी बापाच्या शेजारी बसून प्रत्येक मापाला एक खडा बाजूला ठेवायची. शेवटच्या मापाला खडा नाही.

नर्सिंगची शाळा झाली, इस्पितळात लागली, आणि थिएटरात तिला काय काम मिळावं? मोजणीचं. काढलेली प्रत्येक गाठ वेगळ्या बरणीत घालायची, आकडा मोठ्याने बोलायचा, कारकून लिहून घेणार. ती बापाच्या चालीवर बोलायची. डॉक्टर वगीह तेव्हा तरुण होते, त्यांना मजा वाटायची. "आज खळं मोठं आहे," म्हणायचे.

मग एक दिवस एका शाळामास्तरणीच्या किडनीतून सहा गाठी निघाल्या. सनिय्याने पाच मोठ्याने मोजल्या आणि सहावी, शेवटची, बरणीत घालून मुकाट्याने बाजूला ठेवली. तिचं तिलाही कळलं नाही. हाताला वळण लागलेलं. कारकुनाने पाच लिहिल्या. तपासणीखात्यात कागदावर पाच आणि बरण्या सहा. ही सहावी कुणाची, म्हणून त्यांनी ती फळीवर ठेवून दिली. अकरा दिवस. पाचांचा अहवाल चांगला आला, मास्तरणीच्या घरच्यांनी मिठाई वाटून तिला घरी नेलं. बाराव्या दिवशी सहावीची चौकशी झाली तर तीच खरी वाईट. मास्तरणीला परत बोलवावं लागलं. पुढे ती बरी झाली, आजही शिकवते. पण घरच्यांनी आनंदाचे अकरा दिवस खोटे काढले होते. तिच्या आईने इस्पितळाच्या पायरीवर बसून जो शाप दिला तो मी ऐकलाय.

डॉक्टर वगीहनी सगळ्यांसमोर सनिय्याला सांगितलं, "ही मोजणी तुझ्या बापाच्या खळ्यावर कर. इथे नको."

मोजणी आणि आता कारकुनाची वहीही माझ्याकडे आली, आणि तिच्या हातात हातोडी. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. मोजणारी नर्स टेबलाजवळ असते, डॉक्टर तिचं नाव घेतात. बर्फवाली मागे कोपऱ्यात ठोकत बसते. पुढे काही वर्षांनी वगीहसाहेबांच्या लक्षात आलं की सनिय्याचा बर्फ असला की किडनी लवकर जागी होते, तेव्हा त्यांनी तिला टेबलाशी आणलं. हात धुऊन, हातमोजे घालून, स्वतः बर्फ भरायला. पण मोजणी माझीच राहिली. बावीस वर्षांत तिने थिएटरात एक आकडा तोंडातून काढला नाही. सुया किती, विचारलं तर बोटं दाखवायची.

आता मुतवल्लीचं सांगते.

मुतवल्ली नाखवा होता. पलीकडच्या तीरावरून माणसं, गाढवं, मोटारसायकली घेऊन दिवसातून तीस खेपा करायचा. वय सेहेचाळीस, छाती दरवाज्याएवढी. त्याची आई ह्याच रोगाने गेली. थोरला भाऊ चार वर्षं मशीनवर रक्त धुऊन घेत होता, शेवटी वारला. मुतवल्लीची डावी किडनी नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या तरी गावी गाठींपायी काढून टाकली होती. आता उरलेल्या उजवीत सहा गाठी. तीन डॉक्टरांनी सांगितलं, किडनी काढ आणि मशीन धर. आठवड्यात तीन दिवस, चार-चार तास, मरेपर्यंत. तो आमच्याकडे आला तेव्हा वगीहसाहेबांनी सरळ सांगितलं, "प्रयत्न करतो. गाठी निघाल्या आणि किडनी जगली तर जगली. नाही जमलं तर काढावी लागेल. तशी सही दे."

त्याने अंगठा उठवला. मग म्हणाला, "साहेब, माझी नाव दोन तीरांमध्ये बांधलेली आहे. मला मशीनला बांधू नका."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी सनिय्या वॉर्डात गेली. रोगी केवढा आहे हे बघून ती बर्फ किती लागेल ते ठरवायची. मीही गेले, कागद घ्यायला. मुतवल्ली पलंगावर मांडी घालून भाकरीशी फूल, म्हणजे आमच्याकडची वालाची उसळ, खात होता, उपाशी राहण्याची वेळ अजून झाली नव्हती.

"तू बर्फवाली का बहिणी?" तो म्हणाला. "लोक म्हणतात मला माशासारखा पेटीत भरणार."

"माशाला एवढं पोट नसतं," सनिय्या म्हणाली. "तुला दीडपट लागेल."

"कुठल्या गावची?"

तिने गाव सांगितलं. त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "अब्दुल मौगूद मापाडी तुमच्यातलाच ना?"

"माझा बाप."

मुतवल्लीने हात पुसून छातीवर ठेवला. मग मला म्हणाला, "बाई, ह्यांच्या बापाचं शेवटचं माप आम्ही खाल्लंय. आम्ही नावाड्यांची पोरं, आमचं शेत कुठलं. खळ्याच्या कडेला बसायचो. सगळी रास उचलून झाली की तो म्हातारा शेवटचं माप आमच्या पदरात ओतायचा आणि आभाळाकडे बघत उभा राहायचा, जणू त्याने काही केलंच नाही. त्या गव्हावर माझ्या आईने आमचे हिवाळे काढलेत."

सनिय्या खिडकीशी जाऊन पडदा नीट करत बसली. पडदा नीटच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुतवल्ली टेबलावर होता. वगीहसाहेबांनी किडनी मोकळी केली, सोनोग्राफीचा दांडा सगळीकडून फिरवला. सहा गाठी, फोटोत होत्या तिथेच. मी सहा बरण्या मांडल्या. धमनीला चिमटा लागला, मी घड्याळाची वेळ मोठ्याने सांगितली. किडनीचा तांबूस रंग फिक्कट झाला. सनिय्याने बर्फ भरायला सुरुवात केली. खाली, बाजूंना, वर. डावा तळवा किडनीच्या पाठीखाली देऊन ती उचलून धरायची, म्हणजे मागेही बर्फ पोचतो. दहा मिनिटं कुणी काही करायचं नाही, नुसतं थंड होऊ द्यायचं.

मी तिच्या समोरच उभी होते. भरता भरता तिच्या भुवया आक्रसल्या. मला वाटलं, बोटं दुखतायत.

काय झालं होतं ते तिने मला नंतर सांगितलं. किडनीच्या पाठीमागे, वरच्या टोकाला, चरबीच्या थराखाली तिच्या मधल्या बोटाला काहीतरी कडक लागलं. वाटाण्याएवढं. तिला वाटलं, बर्फाचा कोपरा राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तोही मुतवल्लीच्या किडनीवर. बोलावं तर भर थिएटरात आपल्या बर्फाला आपणच खोट लावायची, आणि बोलून उपयोग काय, दोन मिनिटांत वितळेल. ती गप्प राहिली. बोट तिथेच ठेवून कोपरा वितळायची वाट बघत राहिली.

साहेबांनी कोरायला घेतलं. पहिली गाठ मोठी होती, लिंबाएवढी. ती निघाली, खड्डा शिवला. दुसरी, तिसरी. मी बरण्या भरत होते, मिनिटं सांगत होते. "अठरा झाली." "सव्वीस." चौथी धमनीच्या अगदी जवळ होती, तिने फार वेळ खाल्ला. बर्फाचं पाणी झालं की सनिय्या ते काढायची आणि नवा बर्फ भरायची. प्रत्येक वेळी ते मधलं बोट परत त्याच जागी. पाचवी निघाली. "छत्तीस." सहावी चाळिसाव्या मिनिटाला बरणीत पडली. साहेबांनी शेवटचा टाका घातला, खांदे सैल सोडले.

"अफकार, मोजणी?"

"सहा, साहेब. सहाच्या सहा."

"झालं तर मग. चिमटा सोडतो."

"थांबा," सनिय्या म्हणाली.

थिएटरात मोठ्या डॉक्टराला थांबा म्हणत नाहीत. भूल देणाऱ्याने मान वर केली. साहेबांचा हात चिमट्यावर तसाच.

"काय आहे?"

"साहेब, माझ्या बोटाखाली काहीतरी आहे. आधीपासून आहे. मला वाटलं बर्फाचा कोपरा राहिला, माझी चूक. पण बर्फ तीनदा वितळला. हे वितळलं नाही."

साहेबांना राग आलेला मला मास्कवरूनही दिसला. "मी दांडा फिरवलाय सनिय्या. सहाच आहेत. एकेचाळीस मिनिटं झालीत. एकेक मिनिट ह्या माणसाच्या किडनीतून जातंय."

"बर्फ आहे, साहेब. आणखी वीस मिनिटांचा आहे. मी दीडपट कुटलाय."

"आणि काही नसलं तर?"

"तर मला पुन्हा खळ्यावर पाठवा."

मी खाली बघत होते, माझ्या हातातल्या वहीकडे. सहा लिहून खाली रेघ मारली होती. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की काही नसू दे. ही वही माझी आहे. मग मुतवल्लीचे पाय दिसले, हिरव्या कापडाच्या बाहेर आलेले, टाचांना भेगा पडलेले, आणि मला माझीच लाज वाटली.

साहेबांनी चिमट्यावरचा हात काढला. सनिय्याने आपल्या तळव्यात किडनी हळूच कलती केली, त्यांचं बोट धरलं आणि त्या जागी नेऊन ठेवलं. साहेबांनी चरबीचा थर बाजूला केला, दांडा पुन्हा मागवला, लावला. पडद्यावर एक काळसर वाटाणा.

"हात मोठे आहेत माझे," साहेब पुटपुटले. हे त्यांनी कुणाला सांगितलं देव जाणे.

सातवी काढायला आठ मिनिटं लागली. सनिय्याने त्या आठ मिनिटांत दोनदा बर्फ भरला. थंडीने तिचे डोळे पाणावले होते, पण तळवा हलला नाही. एकावन्नाव्या मिनिटाला शेवटचा टाका बसला. मी धावत जाऊन सातवी बरणी आणली, कारण मांडलेल्या सहाच होत्या.

साहेबांनी चिमटा सोडला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. किडनी राखाडी, तशीच. मग एका टोकाकडून रंग चढायला लागला, आधी डाग डाग, मग सगळीकडे. सात ठिकाणी शिवलेली ती किडनी गोधडीसारखी दिसत होती. पण गुलाबी होती.

मी पेन काढून सहाचे सात करायला गेले, तेव्हा साहेब म्हणाले, "नाही. वही तिला दे. सनिय्या, तू मोज. तुझ्या बापासारखं."

बावीस वर्षांपूर्वी ज्या तोंडाने तिच्या बापाचं खळं काढलं, त्याच तोंडाने. माफी म्हणतात ती हीच. मोठी माणसं याहून जास्त देत नाहीत आणि मागायला आपण जाऊ नये.

सनिय्या बरण्यांपुढे उभी राहिली. मला वाटलं आता चाल लागणार. पण ती म्हणाली, "बापासारखं नाही साहेब. हे धान्य नाही." आणि एकेका झाकणावर बोट ठेवून, लष्करातला हवालदार हजेरी घेतो तशी, मोजायला लागली. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा." मग सातवीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "सात. शेवटची. सात." शेवटचा आकडा तिने दोनदा सांगितला. वहीत तिच्या अक्षरात आहे. ती वही मी निवृत्त होताना घरी आणली, कुणाला विचारलं नाही.

पुढे अहवाल आला. सातवी लहान होती, पण सातांत सगळ्यात वाईट तीच. राहिली असती तर वर्षभरात मुतवल्लीची तीही किडनी गेली असती.

पण किडनी गुलाबी झाली म्हणजे काम करायला लागली असं नाही. एकावन्न मिनिटं उपाशी राहिलेली. काम करते की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं, आणि ती गोष्ट पिशवीत थेंब थेंब पडते. त्या दुपारी पिशवीत जवळजवळ काही नव्हतं. संध्याकाळी चहाचा अर्धा पेला, तोही लालसर. साहेब तीनदा येऊन गेले. "बघू," एवढंच म्हणत. मशीनवाल्यांना तयार राहायला सांगितलं होतं, ते मुतवल्लीच्या बायकोला कुणी तरी सांगितलं आणि ती जिन्यात बसून राहिली. सनिय्या ड्युटी संपवून घरी गेली. जकीने मला मागाहून सांगितलं, जेवली नाही, गच्चीवर जाऊन घरच्या कबुतरांचे दाणे उगाच निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातला आले तर ती माझ्या आधी वॉर्डात. तिचं काम नव्हतं ते. वॉर्डची नर्स बडबडत होती, "थिएटरच्या बायकांनी थिएटरात राहावं." सनिय्याने पलंगाखालून पिशवी ओढली. टम्म फुगलेली. पाणी पिवळं, स्वच्छ, लिंबाच्या सरबतासारखं. तिने खुंटीवरचा मोजायचा पेला घेतला.

"मी मोजणार," ती म्हणाली.

"पिशवीवर खुणा आहेत की," वॉर्डची नर्स म्हणाली.

"मी मापाड्याची लेक आहे. मला खुणा नकोत."

मुतवल्ली जागा होता. चेहरा उतरलेला, पण डोळे तिच्या हातावर. सनिय्या जमिनीवर उकिडवी बसली. पहिला पेला भरला, बादलीत ओतला, आणि तिच्या तोंडून ती चाल निघाली. बावीस वर्षांनी. मी विसरून गेले होते तिचा आवाज एवढा भरीव आहे ते. "अल्ला एक." दुसरा पेला. "त्याला जोडी नाही." तीन. चार. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा उठून बसला. पाच. सहा. मुतवल्लीची बायको दारात येऊन उभी राहिली. सातवा पेला काठोकाठ भरला. सनिय्या म्हणाली, "समहा."

पिशवीत तळाला थोडं उरलं होतं. एक पेला भरेल न भरेल एवढं. तिने तो शेवटचा भरला, वर उचलून उजेडात धरला, आणि काही न बोलता बादलीत ओतला. मी कागदावर पेन टेकवून थांबले होते.

"तो किती?" मी विचारलं. "लिहायचंय मला."

मुतवल्ली पलंगावरून बोलला, टाके दुखत होते म्हणून तुकड्या तुकड्याने. "लिहू नको बाई. ते शेवटचं माप. ते मोजत नाहीत." आणि मग सनिय्याला म्हणाला, "पण बहिणी, हे पाखरं पितील असं मला वाटत नाही."

सनिय्या आधी हसली आणि मग जमिनीवर बसल्या बसल्या रडायला लागली. सुजलेल्या बोटांनी डोळे पुसायला गेली तर हातात तो पेला. मी तो तिच्या हातून घेतला, तिला उठवलं, आणि कागदावर फक्त सात लिहिले.